नैसर्गिक दर्शनाबद्दल विशेष दखल

"ही टोपी घातली की झालंच," असं म्हणत त्या मुलीनं पिसं लावलेली टोपी माझ्यासमोर धरली.

टोपी आपली म्हणायची म्हणून. पुठ्ठ्याची पट्टी होती आणि तिला लाल-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिसं चिकटवली होती. दुसऱ्या हातात हँगरला बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड लटकत होतं, गुडघ्याच्या वर येईल एवढं, आणि त्यावर कवड्यांच्या माळा. मुलीचं नाव सानिका. पुरस्कार समारंभात कुणी कुठून यायचं, कुठं उभं राहायचं हे सगळं तिच्याकडं होतं. कानात यंत्र, गळ्यात ओळखपत्र, वयानं माझ्या भाचीएवढी. वाईट नव्हती. सकाळपासून तिनं मला दोनदा चहा आणून दिला होता.

हे कुणासाठी, मी विचारलं.

"तुमच्यासाठी, ताई. तुमचं नाव पुकारलं की आधी मुलं नाचत येतील, मशाली घेऊन. मग मधून तुम्ही."

मी तिला सांगितलं की मी साडी आणली आहे. जांभळी, जरीकाठाची, नवी. आणि हेही सांगितलं की आम्ही गोंड, माझ्या आईनं जन्मभर लुगडं नेसलं, आणि बिबट्या आमच्याकडं कुणी अंगावर घालत नाही, तो गावात आला तर दारं लावून घेतात. ती हसली. मग म्हणाली की सिनेमाची थीम आहे ना, म्हणून. प्रेक्षकांना ओळख पटायला हवी.

"चेहऱ्यावरून पटेल," मी म्हटलं.

"सिनेमात तुम्ही सत्तरीच्या दिसता, ताई. इथं कुणी ओळखणारच नाही तुम्हाला."

हे मात्र तिचं बरोबर होतं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

मी सगुणा नैताम. राहणार वडसा, जिल्हा गडचिरोली. आमच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं चालतात. दिवाळीनंतर भातकापणी उरकली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटलं की नाटक लागतंच. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, ओळीनं, जशी दुसरीकडं कापडाची दुकानं असतात. मी एकोणीस वर्षांची असताना कंपनीत लागले. पहिल्या वर्षी मोलकरीण केली, दुसऱ्या वर्षी नायिकेची बहीण, आणि पुढं नायिका, सासू, वकिलीणबाई, सावकारीण, डॉक्टरीण, आंधळी, वेडी. एका हंगामात एकाच नाटकाचे पन्नास-साठ प्रयोग व्हायचे. हजारांनी माणसं बसलेली असतात, आणि मागच्या माणसाला तुझं रडू दिसलं नाही तर तो उठून भजी खायला जातो. मी शिकले ती तिथं.

'करंजडोह' हा भुताचा सिनेमा. पुण्याच्या मिहिर दाबके नावाच्या मुलानं केलेला, आमच्याच भागात, जंगलात. शहरातली चार पोरं डोहाकाठी तंबू ठोकतात आणि तिथं त्यांना बुधाय नावाची म्हातारी भेटते. ती चेटकीण आहे असं सगळ्यांना वाटतं. अर्ध्या सिनेमानंतर कळतं की ती तरुण असताना तिला गावानं चेटकीण ठरवून हाकललं होतं. म्हातारी, लंगडणारी बुधाय मी केली. तरुण बुधाय केली रेवती कारखानीस हिनं. रेवती दादरची. मालिकांतून नाव झालेलं होतं तिचं. तिला काळपट दिसावं म्हणून रोज सकाळी दोन तास रंग लावायचे, हातापायांनासुद्धा. मला मिहिरनं नाटकातच पाहिलं होतं. नाटकात मी त्या रात्री जज्जीणबाई होते, चष्मा लावून. तो आत रंगपटात आला आणि म्हणाला, तुमचा चेहरा फार खरा आहे. तेव्हा मी त्यावर विचार केला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच सांगून टाकली होती. त्याला बुधायच्या तोंडी गोंडी मंत्र हवा होता, डोहाकाठी राख फुंकत म्हणायला. मी म्हटलं, आमच्या देवाचे शब्द मी भुताच्या सिनेमात म्हणणार नाही. तो हिरमुसला. मग मीच तोड काढली. आमच्या एसटीच्या रस्त्यावरची गावं उलटी करून म्हटली. कुरखेड्याचं डाखेरकु, आरमोरीचं रीमोरआ, वडशाचं साडव. खालच्या पट्टीत, घशातून. डाखेरकु, रीमोरआ, साडव. शूटिंगला सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सिनेमा लागल्यावर एका मोठ्या पेपरात छापून आलं की चित्रपटातले आदिम मंत्रोच्चार अस्सल आहेत. मिहिरनं ते कात्रण मला पाठवलं. आम्ही दोघंही फोनवर खूप हसलो होतो.

तर सिनेमा चालला. आणि मग मुंबईहून फोन आला की तुम्हाला पुरस्कार आहे, या. कसला पुरस्कार हे मी विचारलं नाही. नटीला आणखी कसला पुरस्कार असणार. कंपनीच्या मालकांनी वडशाच्या चौकात माझ्या अभिनंदनाचा फलक लावला आणि मी जांभळी साडी घेऊन गाडीत बसले.

दुपारी रंगीत तालीम होती. हॉटेलच्या मोठ्या सभागृहात पडद्यावर एकेक नाव झळकत होतं. 'सर्वोत्कृष्ट अभिनेत्री: रेवती कारखानीस, करंजडोह.' त्यानंतर माझा फोटो आला, बुधायच्या वेषातला, आणि खाली अक्षरं आली. 'नैसर्गिक दर्शनाबद्दल विशेष दखल: सगुणा नैताम.'

मी सानिकाला विचारलं की दर्शन म्हणजे काय. ती गोंधळली. म्हणाली, परीक्षकांनी खास तुमच्यासाठी हा विभाग काढला, आधी नव्हता.

परीक्षकांचे अध्यक्ष होते जयवंत धारप. वयानं ऐंशीच्या आसपास, मोठे नट, मोठे दिग्दर्शक. मी लहानपणी त्यांचे सिनेमे दूरदर्शनवर पाहिले होते. चहाच्या वेळी ते स्वतःहून माझ्याकडं आले. मी उठून नमस्कार केला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले की पन्नास वर्षांत त्यांनी कॅमेऱ्यासमोर इतकं निर्व्याज असणं पाहिलं नाही. रेवतीनं जे कष्टानं मिळवलं, ते तुमच्याकडं जन्मतःच आहे. मला सांगायचं होतं की जन्मतः मी लंगडत नव्हते. पण मोठा माणूस, हात धरून उभा. मी एवढंच म्हटलं की मी नाटकात काम करते, तेवीस वर्षं झाली.

"हो, हो, तुमच्या लोकांत नाच-गाणं असतंच," ते म्हणाले. "माझं एक ऐकाल? अभिनय शिकू नका. बिघडाल."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुढं गेले. डोळे ओले होते त्यांचे. खोटं काही नव्हतं त्या माणसात.

रेवती तयार व्हायला जात होती, तिनं मला पाहिलं आणि धावत आली. गळ्यात पडली. मग मागं सरकून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या.

"अय्या, ताई, पाय बरा झाला तुमचा? ऑपरेशन केलंत का?"

आधी मला कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. शूटिंगच्या आधी रेवती आठ दिवस वडशाला माझ्या घरी राहायला आली होती, मिहिरनंच पाठवली होती, की बुधायची चाल दोघींची एक दिसावी. तेव्हा मी ती चाल बसवत होते. कंबरेत वाकून, डावा पाय ओढत, पंजा आत वळवलेला. चाल मी कंपनीच्या आचाऱ्याच्या गुडघ्यावरून घेतली होती, मान घेतली होती तळ्यातल्या म्हाताऱ्या बगळ्याची. भूमिका अंगात बसेपर्यंत मी घरातही ती सोडत नाही. विहिरीवर जाते तर तशीच, भाकरी थापते तर तशीच. आई माझ्यावर ओरडायची, पण ती गोंडीत ओरडायची, रेवतीला काय कळणार. ती ओसरीवर वही घेऊन बसायची आणि मला बघायची. शूटिंगला आमच्या दोघींचे दिवस वेगळे होते, त्यामुळं त्यानंतर तिनं मला साधं चालताना पाहिलंच नव्हतं.

मी तिला सांगितलं. पाय ठीकच होता, रेवती. ती बुधाय होती.

ती खाली बसली. मला वाटलं हसेल. पण तिचा चेहरा पांढरा पडला. आठ दिवस? ती म्हणाली. घरात? आणि तो खोकला? तोही, मी म्हटलं. आणि दिवा लावल्यावर घुमायचात ते? ते तर मी तुझ्यासमोरच तीन तऱ्हांनी करून पाहिलं होतं. मग तिनं माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे मी केलं ते सगळं तुमचं काम होतं."

"चाल माझी. बाकी तू तुझं केलंस, चांगलं केलंस."

हे मी मनापासून म्हटलं होतं. तरुण बुधायचं रडू तिचं स्वतःचं होतं, मी कुठंही तसं रडत नाही. पण मग मी तिला सरळ विचारलं. आज तुला पुरस्कार मिळेल तेव्हा तू तिथं एवढं सांगशील का? की सगुणा नैताम ही नटी आहे आणि बुधाय तिनं उभी केली. मला माझा पुरस्कार बदलून नको होता, तो बदलणारही नव्हता. पण वडशात लोक टीव्ही लावून बसणार होते. आमच्या कंपनीत गोंड, माना, ढिवर, महार, कुणबी, सगळ्या जातीची माणसं काम करतात, आणि आपण करतो त्याला नाटक म्हणतात हे त्यांना जन्मभर दुसऱ्यांना सांगावं लागलेलं आहे.

"सांगते," रेवती म्हणाली. "शप्पथ सांगते, ताई. सांगायलाच हवं."

सानिकानं शेवटी पिसांची टोपी परत नेली. पण नाचणारी मुलं मात्र तशीच राहिली, त्यांचे पैसे देऊन झाले होते. मी जांभळी साडी नेसले आणि तिसऱ्या रांगेत बसले. माझ्या बाजूला मिहिर होता. पुरस्काराच्या नावाबद्दल मी त्याच्याशी बोलले, तर तो खाली बघत म्हणाला की त्यानं माझं नाव अभिनयासाठीच पाठवलं होतं. परीक्षकांनी काय ठरवलं त्यावर तो काय करणार. भुताच्या सिनेमाला इतके पुरस्कार मिळतायत हेच खूप आहे, ताई, एरवी ते आपल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आपल्याला म्हणजे भुताचे सिनेमे करणाऱ्यांना. मी म्हटलं, मग मी दोनदा उंबऱ्याबाहेर की रे.

रेवतीचं नाव आलं. टाळ्या झाल्या. ती पांढऱ्या पोशाखात होती, फार छान दिसत होती. धारपांनी तिच्या हातात पितळेची बाहुली दिली. तिनं ती छातीशी धरली, दोन्ही हातांनी. आईवडिलांचे आभार मानले, निर्मात्यांचे मानले, मिहिरचे मानले. मग ती थांबली. पहिल्या रांगेकडं पाहिलं, तिथं निर्माते बसले होते. केस कानामागं सारले. मी पुढं सरकून बसले.

"आणि एक नाव घ्यायचं आहे," ती म्हणाली. "सगुणाताई. मी आठ दिवस त्यांच्या घरी राहिले. त्यांनी मला... त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. त्या फक्त जगत होत्या. मी बघत होते. त्या मातीतल्या बाईचं दुखणं, तिची ती चाल, ते मी माझ्या अंगात उतरवायचा प्रयत्न केला. ताई, हा पुरस्कार तुमच्या साधेपणाला." आणि ती हसली, थोडंसं, आणि खाली बघून पुन्हा हसली.

सभागृह उभं राहिलं. माझ्याकडं बघून लोक टाळ्या वाजवत होते. कॅमेरा माझ्या तोंडापुढं आला, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. तेवीस वर्षांत कधी रंगमंचावर इतका जड अभिनय केला नसेल.

लगेच माझंच नाव होतं. मशाली घेऊन पोरं नाचत गेली, हुर्र हुर्र करत, आणि त्यांच्यामधून मी जांभळ्या साडीत वर गेले. धारपांनी एक लहान चौकोनी पाटी दिली. बाहुली नव्हती. निवेदक चटपटीत मुलगा होता. त्यानं विचारलं की ताई, मुंबई कशी वाटली. मी म्हटलं, आधीही आले आहे. मग तो म्हणाला की तुमचा तो मंत्र, तो अंगावर काटा आणणारा, आमच्यासाठी एकदा म्हणाल का? प्लीज. लोकांनी टाळ्या वाजवून आग्रह केला.

मी ठरवून काही केलं नाही. समोर उभा माइक होता, त्यापलीकडं माणसं होती. मी पाटी छातीशी धरली, दोन्ही हातांनी. मान जराशी डावीकडं कलवली. पहिल्या रांगेकडं पाहिलं आणि केस कानामागं सारले.

"आणि एक नाव घ्यायचं आहे," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, रेवतीचा होता. दादरचा, गोड, शेवटच्या अक्षराला किंचित वर जाणारा. "रेवतीताई. त्या आठ दिवस माझ्या घरी राहिल्या. त्यांनी मला... त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. त्या फक्त जगत होत्या. मी बघत होते. त्या दादरच्या बाईचं दुखणं, तिची ती चाल, ते मी माझ्या अंगात उतरवायचा प्रयत्न केला. ताई, हा पुरस्कार तुमच्या साधेपणाला." आणि मी हसले, थोडंसं, आणि खाली बघून पुन्हा हसले.

आधी एकदम शांत झालं. मागच्या रांगेतला पंख्यासारखा काहीतरी आवाज ऐकू येत होता तेवढाच. मग कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. निवेदक पोट धरून हसत होता. वा, काय नक्कल, काय नक्कल, तो म्हणत होता. त्यानं आपला माइक बाजूलाच उभ्या धारपांपुढं नेला.

"यांच्या रक्तातच असतं हे," धारप म्हणाले, कौतुकानं. "निरीक्षण. पाखरांची नक्कल करतात, जनावरांची करतात. शिकवून येत नाही."

मी माइकशी तोंड नेलं. म्हटलं की ही नक्कल नाही, हा अभिनय आहे, आणि सिनेमात होता तोही अभिनयच होता. पण तोवर पुढच्या पुरस्काराचं संगीत सुरू झालं होतं आणि माझा माइक बंद केला होता. माझे ओठ हलताना तेवढे दिसले असतील. सानिकानं हळूच माझ्या कोपराला धरून मला पडद्यामागं नेलं. ती म्हणाली, मस्त केलंत ताई, खूप एंटरटेनिंग.

रेवती पडद्यामागंच उभी होती. बाहुली तिनं कुठंतरी ठेवली होती.

"असं का केलंत?"

"तू सांगणार होतीस."

"मी सांगणारच होते. तुम्हाला नाही कळणार, ताई. तीन महिने मी सगळीकडं सांगत आले की मी एका खऱ्या बाईला बघून केलं. पेपरात, टीव्हीवर. निर्माते समोर बसलेत. आज एकदम उभं राहून काय म्हणू, की ती बाईच खरी नव्हती?"

"बाई खरी होती. नटी होती."

"लोक मला हसले तिथं."

"मला हसले नाहीत. मला मायेनं टाळ्या वाजवल्या. त्याचं काय करू सांग."

ती रडायच्या बेतात होती, पण रडली नाही. डोळ्यांचा रंग उतरला असता. "तुम्ही उद्या गावी जाल," ती म्हणाली. "मला इथंच राहायचं आहे."

ते वाक्य मला चाबकासारखं लागलं. जणू गावी गेलं की माणसाचं सगळं मिटतं. जेवायला थांबले नाही, खोलीवर गेले, साडी घडी करून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघाले. नागपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात धारपांशी भांडत होते, आणि प्रत्येक वेळी तो म्हातारा ओल्या डोळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवत होता.

पुढं काय झालं ते सांगते. त्यानंतर मला बरेच सिनेमे विचारायला आले. सगळे भुताचे. हडळ, चेटकीण, वेताळाची बाई, आणि एका पटकथेत तर नुसतंच 'जंगली म्हातारी' असं लिहिलेलं होतं. भूत करायला माझी ना नव्हती, भूत करायला मला आवडतं. मी प्रत्येकाला एकच विचारायची, याच सिनेमात डॉक्टरीण आहे, ती करू का? आधी भूत करते, मग ती करते, तुमचा पैसाही वाचेल. त्यांना वाटायचं मी गंमत करते. एकानं समजावून सांगितलं की ताई, तुम्ही डॉक्टर वाटणार नाही, तुमच्यात ते खोटं येईल. दोन सिनेमे केले, मग सोडलं. मिहिरनं दुसरा सिनेमा केला तो शहरातल्या नवराबायकोवर, त्यात मी कुठं बसणार. रेवतीचं चांगलं चाललं आहे. धारप गेले, पेपरात वाचलं. मी अजून कंपनीत आहे, आता जास्त करून सासवा करते.

पण मला सांगायचं आहे ते समारंभानंतरच्या रविवारचं, तो टीव्हीवर दाखवला त्या संध्याकाळचं. माझ्या अंगणात निम्मी गल्ली जमली होती. टीव्ही ओसरीवर काढून ठेवला होता. कंपनीचे चार-पाच नट आले होते, मालक आले होते, शेजारच्या बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या. रेवतीचं भाषण दाखवलं, पूर्ण. मग मी दिसले, टाळ्या वाजवताना. नंतर मशालीवाली पोरं दिसली, माझी पाठ दिसली, आणि एकदम जाहिरात लागली. जाहिरातीनंतर दुसराच पुरस्कार चालू झाला.

"तुमचं कापलं वो बाई," मालक म्हणाले.

लोक विचारायला लागले, तिथं काय केलं, काय बोलल्या. मी नको म्हणत होते. अंगात आठ दिवसांचा राग साठलेला होता, सांगायला गेले असते तर शिव्याच आल्या असत्या तोंडात. पण आमचे खलनायक, गेडामभाऊ, ते ऐकेनात. करून दाखवा म्हणाले. म्हणून उठले. कुणीतरी हातात पितळेचा तांब्या दिला. तो छातीशी धरला, दोन्ही हातांनी, आणि केलं. जसं तिथं केलं तसंच, थांबली तिथं थांबून, पाहिलं तिकडं पाहून, केस मागं सारून, शेवटी खाली बघून ते दोनदा हसणं.

गल्ली खदखदून हसली. पोरं लगेच एकमेकांना तसं करून दाखवायला लागली. गेडामभाऊंनी पुन्हा एकदा म्हणून आरोळी दिली.

माझी आई दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला मराठी येतं, पण सिनेमाचं काही ठाऊक नव्हतं, रेवती घरी राहून गेली तिला ती 'कोणीतरी पोरगी' म्हणायची. टीव्हीकडं तिनं पाहिलंही नव्हतं. माझी नाटकं मात्र तिनं पहिल्यापासून पाहिलेली, मंडपात पहिल्या रांगेत बसून. ती हसली नाही. लोकांचं हसू जरा कमी झालं तेव्हा तिनं मला विचारलं,

"काहून भेवली होती व ते बाई?"

"कोन भेवली?"

"ते. आता तू केली ते."

मी म्हटलं, भ्यायली कुठं, भाषण करत होती, बक्षीस मिळालं तिला. आईनं मान हलवली आणि सुपातला खडा काढून बाजूला टाकला. म्हणाली, भाषण असंल. पन भेवली होती. पोराले ताप आला की माय जशी उराशी धरते तसं धरलं तिनं ते. अन् कोनाले तरी पाहून जीभ गिळली.

मी भीती केली नव्हती. मला ती दिसलीच नव्हती. मी फक्त जे पाहिलं ते हाताला, मानेला, आवाजाला तसंच्या तसं दिलं होतं, चिडून दिलं होतं, तिचा खोटेपणा दिसावा म्हणून. आणि त्यात हे आलं होतं. मुंबईच्या त्या भरल्या सभागृहात कुणालाही दिसलं नव्हतं ते, माझ्यासकट.

गेडामभाऊ पुन्हा म्हणाले, करा ना बाई. पोरंही मागं लागली. मी तांब्या खाली ठेवला. म्हटलं, आता नाही, स्वैपाकाचं बघायचं आहे. आत चुलीपाशी जाऊन बसले. बाहेर अजून हसणं चालू होतं. मला त्या मुलीवर रागवायचं होतं, अजून पुष्कळ दिवस रागवायचं होतं, आणि आता तेही मला धड जमेना.